गाडीच्या पुढं चालणारा

माझा धाकटा पोरगा काय काम करतो असं कुणी विचारलं की मी सांगतो, ड्रायव्हर आहे. ते खोटं आहे. ती गाडी त्याला चालवायला देत नाहीत. गाडी चालवतो छोटा शेठ, म्हणजे कतारगामच्या एका हिरेवाल्या शेठचा मुलगा. माझा पोरगा त्या गाडीच्या पुढं मोटरसायकलवर चालतो. रस्त्यात बंप आला, खड्डा आला, गाय बसलेली दिसली, की डावा हात वर करायचा. मग मागची गाडी थांबते, बटन दाबलं की तिचं नाक वर उचलतं, आणि ती वाकडी होऊन, म्हाताऱ्यानं जिना चढावा तशी बंप चढते. जमिनीपासून चार बोटं वर असलेली गाडी, आणि रस्ते सुरतचे. दर शंभर पावलांवर कुणीतरी स्वतःच्या मनानं बंप घालून ठेवलेला. म्हणून पुढं माणूस लागतो. तो माणूस माझा पोरगा.

हे मला त्यानं सांगितलं नव्हतं. मी उधना रोडवर शेअर रिक्षात बसलो होतो तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. रिक्षा एकदम हळू झाली आणि बाजूचा माणूस म्हणाला, "देखो देखो, क्या गाडी है!" हिरवी गाडी, पोपटासारखी, आणि जमिनीला चिकटलेली. सगळ्या रिक्षानं माना वळवल्या. कॉलेजची दोन पोरं फोन काढून अर्धी बाहेर लटकली. मी एकटा पुढच्या मोटरसायकलकडे पाहत होतो. काळा टीशर्ट, पाठीवर शेठच्या ऑफिसचं नाव, डावा हात वर. तो हात मी ओळखतो. चौथीत असताना झाडावरून पडला होता, तेव्हापासून कोपर पूर्ण सरळ होत नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, "हे काम करस का तू?"

तर म्हणतो, "आबा, पायलट म्हणतस त्याले."

पायलट! मी चौथी शिकलेलो असलो तरी पायलट विमानात असतो एवढं मला कळतं.

मी शिंदखेड्याकडचा. पोट घेऊन इथं आलो, तेव्हा लिंबायतला रात्री कोल्हे ओरडायचे. पुढची सगळी उमर कापडाच्या लूमवर गेली. आधी कारीगर, मग लूम दुरुस्त करणारा मिस्त्री. डावा कान त्या खटखटीनं खाल्ला, तो परत आला नाही. पण कुणाच्या पुढं हात वर करून मी चाललो नाही. मालक खात्यात, म्हणजे कारखान्यात, आला तरी मी हातातला पाना खाली ठेवायचो नाही. त्याला बोलायचं असेल तर त्यानं वाकून माझ्या उजव्या कानात बोलावं. तसंच बोलायचे ते.

आता या पोराचं ऐका. कामावरून आला की गाडी. जेवताना गाडी. "आमच्या गाडीनं आज काय आवाज काढला!" आमची गाडी! बायकोनं भाजीत मीठ जास्त टाकलं तरी याला कळत नाही. आणि फोनवर त्या गाड्यांचा सगळा इतिहास पाहून ठेवलेला. शाळेत इतिहासात काठावर पास व्हायचा, त्याला इटलीचा इतिहास तोंडपाठ.

म्हणे, आधी या गाड्या फक्त शर्यतीसाठी होत्या. शर्यतीत जिंकायचं तर पैसा लागतो, म्हणून शर्यतवाल्यांनी तशाच गाड्या श्रीमंतांना विकायला सुरुवात केली. त्यात इटलीतला एक माणूस ट्रॅक्टर बनवायचा. शेतकऱ्याच्या घरचा. ट्रॅक्टरवर श्रीमंत झाला, शर्यतवाल्याची गाडी घेतली. तिचा क्लच सारखा बिघडायचा. हा तक्रार घेऊन गेला तर शर्यतवाला त्याला म्हणे काहीसं असं बोलला, की तू ट्रॅक्टरच चालव, ही गाडी तुझ्या हातची नाही. खरं-खोटं तो देव जाणे. पण ट्रॅक्टरवाला पेटला. म्हणाला, आता मीच करतो. त्यानं काय केलं, मोठं इंजिन माणसाच्या मागं नेऊन ठेवलं, शर्यतीच्या गाडीत असतं तसं, आणि गाडी इतकी बुटकी केली की वारा वरून निघून जावा. जगानं तोंडात बोटं घातली. पुढं मग दरवाजे वर उघडायला लागले, पंख पसरल्यासारखे. जगभरच्या पोरांनी भिंतीवर तिचे फोटो लावले. ज्यांनी लावले त्यातल्या हजारात एकालाही ती मिळाली नाही.

हे सांगताना पोराचे डोळे असे चमकायचे की मला बोलवेना. पण मी बोललोच. म्हटलं, "त्याचा अपमान ट्रॅक्टरवरून झाला ना? मग त्यानं असा ट्रॅक्टर करायचा होता की त्या शर्यतवाल्यानं येऊन पाय धरले असते. यानं काय केलं? ज्यानं हाकललं त्याच्यासारखा झाला."

पोरगा म्हणाला, "आबा, तुम्हले काय समजस त्यान्हं?"

मला समजतं. तेवढ्यासाठी शाळा लागत नाही.

एकदा मला घेऊन गेला बंगल्यावर. छोटा शेठ परदेशी होता. तळघरात गाड्या. फरशी इतकी चकाचक की मी चपला बाहेर काढल्या, नंतर स्वतःचाच राग आला की का काढल्या. हिरव्या गाडीवर मऊ कापड घातलेलं. पोरानं ते असं उचललं, जसं झोपलेल्या लेकराच्या अंगावरून पांघरूण काढावं. तेव्हा मला त्याच्या बोटात अंगठी दिसली नाही. लग्नात सासऱ्यानं घातलेली. विचारलं तर म्हणतो, "चरा पडतो आबा. कंबरेचा पट्टापण काढावा लागतो, हातातला कडापण." शेठच्या गाडीला ओरखडा नको म्हणून लग्नाची अंगठी खिशात! सुनेला माहीत आहे का विचारलं, तर कापडाची घडी घालायला लागला.

मग म्हणाला, बसा. मी नको म्हटलं. त्यानं दरवाजा वर केला आणि मी बसलो. बसलो काय, पडलो. पाय समोर लांब, ढुंगण जमिनीला टेकल्यासारखं, समोर काच एवढीशी. विहिरीत बसून वर पाहावं तसं. आणि त्यानं बटन दाबलं.

मी लपवत नाही. माझा एक कान गेलेला, दुसरा अर्धा. आता घरात नातवंडं बोलतात ते मला तोंड पाहून कळतं. पण ती गाडी मी छातीनं ऐकली. मागून काहीतरी जागं झालं आणि बरगड्यांतून पुढं आलं. लूमचा आवाज माणसाला रोज थोडा थोडा खातो. हा आवाज उलटा होता. वाटलं, आत्ता उठावं आणि सुरत सोडून थेट तापीच्या काठाकाठानं गावापर्यंत जावं, मधे कुणी अडवायचं नाही. म्हाताऱ्या माणसाला असं वाटायला नको. मला वाटलं, आणि त्याचा मला इतका संताप आला की मी ओरडलो, "बंद कर!"

उतरता येईना. गुडघे उठू देईनात. पोरानं दोन्ही काखेत हात घालून मला ओढून काढलं. तळघरातला वॉचमन हसत होता. "काका, आमां बेसवुं सहेलुं, ऊतरवुं अघरुं." आत बसणं सोपं, उतरणं अवघड. मी त्याला म्हटलं, "तू बस ना एकदा." तो म्हणाला, "मने कोण बेसवा दे?" मला कोण बसू देतो.

हे झालं. आता श्रावणातलं सांगतो, ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो.

आम्हा खान्देशी लोकांत कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नाक-डोळे लावून, दागिने घालून देवी मांडायची, बायांनी गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची. सुरतेत तापी आहे, म्हणजे आमची गावाकडचीच नदी. ती पण आमच्यासारखी तिकडून इकडं आली. त्या दिवशी रोट करतात. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं गव्हाची सव्वा मूठ काढायची आणि त्या पिठाचा रोट फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी खायचा. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही. म्हणून त्या दिवशी माणूस कुठंही असला तरी घरी येतो. माझा भाऊ पूर्वी धुळ्याहून यायचा.

आणि माझा पोरगा त्या रविवारी चलथाणच्या पुढं छोट्या शेठच्या फार्महाउसवर होता. हिरवी गाडी मित्रांना दाखवायची होती. सून त्याला फोन करत राहिली. त्यानं एकदा उचलला आणि सांगितलं, सकाळी येतो. त्याच्या नावाची मूठ मीच भरली. मोठा मुलगा म्हणाला, "आबा, जाऊ द्या, नोकरी शे." मी म्हटलं, "नोकरी मीपण केली. या दिवशी माझा लूम बंद असायचा. मालकाला विचारायचो नाही, येणार नाही एवढं कळवायचो."

सोमवारी मिरवणूक निघाली. आमच्या गल्लीतल्या सात-आठ घरच्या कानबाया, बँड, गुलाल. आमची कानबाई धाकट्या सुनेच्या डोक्यावर होती. कानबाई एकदा उचलली की नदीपर्यंत खाली ठेवायची नाही आणि मागं फिरायची नाही. तेवढाच नियम, पण तो पाळायचा. पर्वत पाटियाकडं जाणारा रस्ता आम्ही भरून टाकला. बाया फुगड्या घालत होत्या, त्यामुळं पुढं सरकणं दहा पावलं आणि थांबणं दहा मिनिटं.

समोरून पोपटी नाक दिसलं. त्याच्यापुढं मोटरसायकल.

चलथाणहून परतत होते. रस्त्याला मधे दुभाजक, एका बाजूला खोदकाम, म्हणून दोन्हीकडची वाहनं आमच्याच बाजूनं. त्यांच्या मागं ट्रकांची रांग लागलेली. हिरवी गाडी आमच्या बँडसमोर येऊन अडकली. पोरांनी तिला गराडा घातला, फोन वर. माझा पोरगा मोटरसायकल टाकून धावत आला आणि दोन्ही हात पसरून गाडीच्या पुढं उभा राहिला. कुणाची पिशवी लागू नये, कुणाचा गुलाल उडू नये म्हणून. तोंड गाडीकडं. पाठ कानबाईकडं.

छोट्या शेठनं काच अर्धी खाली केली. पोरगाच आहे तो, चांगल्या तोंडाचा, शिवी देणारा नाही. हात जोडून म्हणाला, "काका, बे मिनिट साइड आपो ने. गाडी गरम थाय छे." खरंच मागून पंख्यांचा आवाज येत होता, भट्टीसारखी ऊब मारत होती. अशा गाड्यांना पळायला दिलं तर थंड राहतात, चालायला लावलं की तापतात. हेही पोरानंच मला सांगितलेलं.

मग माझा पोरगा वळला. बायांना म्हणाला, "जराशा बाजूले व्हा वं माय. एकच गाडी काढू द्या."

बाया बाजूला झाल्या. गाडी पाहायला का असेना, झाल्या. मधे एकटी माझी सून उरली. डोक्यावर कानबाई, दोन्ही हात वर धरलेले, कपाळावरून घाम आणि गुलाल एक होऊन गळत होता. नवरा-बायको समोरासमोर. बँडवाल्यानं वाजवायचं थांबवलं.

तो हळू आवाजात म्हणाला, "अगं, बाजूले व्हय ना. सगळा देखी ऱ्हायनात."

ती म्हणाली, "कानबाईले मांगे फिरता येत नही. तुमन्या गाडीले रिव्हर्स शे ना?"

पहिली हसली ती शेजारची म्हातारी. मग सगळा रस्ता हसला. ट्रकवाला हसला. मी हसलो नाही. मी पोराकडं पाहत होतो. मला एवढंच पाहायचं होतं की हा आता कुठं उभा राहतो. मला वाटत होतं, आता हात खाली करेल, चपला काढेल, कानबाईला खांद्याचा आधार देईल आणि चालू लागेल. त्याची जागा तिथं होती. आदल्या दिवशीची मूठ मी त्याच भरवशावर भरली होती.

त्यानं काय केलं, तर गाडीच्या मागं पळत गेला. ट्रकवाल्यांना हातापाया पडून मागं सरकवलं आणि छोट्या शेठला हाका द्यायला लागला, "आवो, आवो, आवो… बस… डावं… आवो!" आणि ती गाडी, जगातल्या सगळ्यात जोरात पळणाऱ्या गाड्यांतली एक, कानबाईपुढं मागं मागं गेली. बँड पुन्हा सुरू झाला. लोकांनी जयजयकार केला. चौकात जागा मिळाली तशी गाडी वळली आणि निघून गेली. तिच्यापुढं मोटरसायकल होतीच.

तापीत फुलं मी सोडली. मोठ्या मुलानं माझा दंड धरला होता. धाकटा आला नाही.

संध्याकाळी आला तो नाचत. कुणीतरी व्हिडिओ काढला होता, गाणं लावून फिरवला होता. सगळ्या लिंबायतच्या फोनवर तो. "देवीपुढं झुकली गाडी." छोट्या शेठनंही तो सगळ्यांना पाठवला आणि पोराला म्हणाला, पुढच्या वर्षी तुमच्या मिरवणुकीच्या पुढं आपली गाडी फुलांनी सजवून चालवू, सगळं सुरत पाहील. गल्ली येडी झाली. मंडळाचा एक जण माझ्या दारात येऊन म्हणाला, "आबा, नशीब काढलं तुमच्या पोरानं."

मी म्हटलं, "माझ्या दारात हे होणार नाही."

तो गेला आणि पोरगा माझ्यावर उसळला. इतक्या वर्षांत तो माझ्याशी असा बोलला नव्हता. "तुम्हाला नेमका कशाचा राग येतो आबा? मी दुसऱ्याच्या गाडीपुढं चालतो त्याचा? तुम्ही जन्मभर दुसऱ्याच्या लूममागं उभे राहिलात. कान दिला त्याला. लूमनं तुम्हाला काय दिलं? त्या गाडीकडं पाहिलं की निदान मला बरं वाटतं. तुम्हाला लूमकडं पाहून कधी बरं वाटलं का?"

सून मोरीत भांडी घासत होती.

मी त्याला उत्तर दिलं. म्हटलं, "लूम शेठचा होता आणि मी तो शेठचाच म्हणत होतो. घरी येताना मी खात्यातून एकटा बाहेर यायचो, लूम डोक्यावर घेऊन यायचो नाही. तू रोज ती गाडी या घरात आणतोस. जागा किती आहे घरात? गाडी आत आली की माणसाला बाहेर राहावं लागतं. काल तू बाहेर होतास."

तो म्हणाला, "तुम्ही बोलायला लागलात की कुणाचं ऐकता थोडंच." खरं आहे. एक कान तर नाहीच.

मग सून आली. हात पदराला पुसले आणि नवऱ्यापुढं उभी राहून, माझ्यासमोर, म्हणाली, "पुढच्या वर्षी ती गाडी पुढं असेल तर कानबाई तुम्ही उचला. मी उचलणार नाही. आणि अंगठी खिशात असते ते मला लग्नाच्या वर्षापासून माहिती आहे. धुवायच्या कपड्यांत सापडते." एवढं बोलून ती परत भांड्यांकडं गेली.

पोरगा दोन दिवस ताट तसंच सरकवून कामावर गेला. तिसऱ्या दिवशी कामावरून आला, बूट न काढता माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "सांगितलं. गाडी येणार नाही म्हणून." मी विचारलं, "काय म्हणाला?" मला वाटलं, चिडला असेल, कामावरून काढला असेल. मी तयार होतो. काढला तर काढू दे, हे वाक्य माझ्या तोंडात होतं.

पोरगा म्हणाला, "हसला. म्हणतो, कोई वांधो नहीं, आ तो एमज कह्युं हतुं. त्याला आठवतच नव्हतं आधी."

म्हणजे हा दोन दिवस जेवला नाही, झोपला नाही, शब्द जुळवत बसला, नोकरी गेली तर काय याचा हिशोब केला, घाबरत त्याच्यापुढं गेला, आणि त्याला ते आठवतच नव्हतं. सहज बोलला होता. माझं सगळं घर ज्याच्यावरून पेटलं, ते त्यानं काच वर करता करता बोलून टाकलं होतं. मला त्या गाडीचा राग होता, पोराचा राग होता, पण असा राग मला आयुष्यात कधी आला नाही. मालकानं शिवी दिली असती तर बरी, तिला उत्तर देता येतं. हसण्याला काय उत्तर द्यायचं?

पोराचं तोंड एवढंसं झालं होतं. मला त्याला सांगायचं होतं की तू गेलास हे मोठं केलंस. आमच्यात असं बापानं पोराला बोलायची रीत नाही, आणि असली तरी मला ती येत नाही. मी सुनेला म्हटलं, "त्याला चहा दे. आधी बूट काढायला लाव."

पुढच्या रविवारी तो गेलाच कामावर. कुठं जाईल? पहाटे मोटरसायकल काढली, काळा टीशर्ट चढवला. हेल्मेट हँडलला लटकवलेलं, घालत नाही, घातलं तर मागचा हॉर्न ऐकू येत नाही म्हणे. मी ओट्यावर बसलो होतो. मी ओरडलो, गल्ली जागी झाली असेल, "हेल्मेट घाल! तुझ्या मागं ती गाडी चालते. शेठ हसता हसता ब्रेक विसरला तर पुढं तूच आहेस!"

त्यानं माझ्याकडं रागानं पाहिलं. मीही पाहिलं. घातलं त्यानं. मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, वळणावर काढतो की काय ते पाहायला.